टोपी आणि झूल

शर्यतीत जनावर धावते आणि माणूस पाहतो, अशी आपली साधी समजूत. पण इंग्लंडातील ॲस्कॉटच्या शर्यतीला जाणारे पुष्कळ लोक घोड्यांइतकेच एकमेकांनाही पाहून येतात! राणी ॲनने 1711 साली हे मैदान सुरू केले. 1825 पासून राजघराण्याची बग्ग्यांतून मिरवणूक निघू लागली. तिथल्या राजेशाही आवारात जायचे, तर पुरुषाला लांब कोट व उंच टोपी हवी. बाईच्या टोपीचा तळ निदान चार इंचांचा हवा. घटस्फोटितांना तर 1955 पर्यंत त्या आवारात मज्जावच होता. एवंच, तिथली टोपी म्हणजे नुसती हौस नव्हे. आतला कोण नि बाहेरचा कोण, याची ती खूण.

ही हौस मुंबईलाही पोचली. महालक्ष्मीच्या मैदानावर 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या गायकवाड महाराजांची 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी जिंकली. डर्बीच्या दिवशी आजही तिथे पिसांच्या टोप्या नि उंची सूट मिरवतात.

आता समुद्रपूरच्या आसपासचे कुठलेही खेडे पोळ्याला पाहा. धनी साध्या धोतरात. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, हा सारा थाट बैलाचा. पीक घरी आले की विदर्भात शंकरपट भरतात. पूर्वेकडे झाडीपट्टीत तर पटाच्या निमित्ताने लेकी-जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, रात्री नाटक रंगते. तिथे कुणी धन्याचा पोशाख विचारीत नाही. जोडी कुणाची, गोऱ्हा गवळाऊ आहे का, हेच विचारतात.

पण नुसती झूल घातली म्हणजे मान राखला, असे नाही. झुलीखालच्या पाठीवर तुतारीचे वळ असतील, तर ती झूल कशाची? सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि 2023 च्या मे महिन्यात राज्याचा कायदा वैध ठरला. आता पशुवैद्याचा दाखला लागतो. काठी, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे.

ॲस्कॉटच्या दारावर टोपी तपासतात. आपल्या पटात बैलाची पाठ तपासायची आहे. हे काम केवळ पोलिसांवर का टाकावे? पटाला गेलात, तर जोडी सुटण्याआधी हाकणाऱ्याच्या हाताकडे एकदा जरूर पाहा. आणि तुतारी दिसली, तर चारचौघांत विचारायला संकोचू नका.