मुखपृष्ठ नसलेला झुंजार



माझ्या हातातलं हे पुस्तक मागच्या रांगांना नीट दिसणार नाही, म्हणून त्याचं वर्णन करतो. आकार तळहाताहून थोडा मोठा. मुखपृष्ठ नाही, शीर्षकाचं पान नाही. कथा सुरू होते ती थेट पाचव्या पानावर. कागद चहाच्या रंगाचा झाला आहे आणि पाठीला कुणीतरी जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले आहेत. बाबुराव अर्नाळकरांची ही एक झुंजारकथा. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मी ती बाराव्या वर्षी वाचली आणि या उन्हाळ्यात, अठ्ठावन्न वर्षांनी, पुन्हा वाचली.

इथे तरुण मंडळीही आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. गिरगावात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू त्यांचे, काळा पहाड त्यांचा, आणि झुंजारही त्यांचाच. कायद्याच्या पलीकडे राहून दुर्जनांना धडा शिकवणारा झुंजार, त्याची विजया, त्याचा साथीदार नेताजी आणि त्याच्या मागावरचे इन्स्पेक्टर आनंदराव ही माणसं आमच्या घरात शेजाऱ्यांसारखी वावरत होती.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचो. गल्लीच्या तोंडाशी अर्ध्या गाळ्यात एक वाचनालय होतं, तिथून रोजच्या भाड्याने पुस्तक यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करावं लागायचं. त्यामुळे एका बैठकीत संपवणं भाग होतं. माझा आवाज बसला की आजी पाणी द्यायची आणि म्हणायची, ‘‘विजीला सोडवली का रे? तेवढं वाच, मग ऊठ.’’ विजयाला ती विजीच म्हणायची, माहेरच्या एखाद्या भाचीबद्दल बोलावं तशी. पुढे ते वाचनालय बंद झालं तेव्हा काकांनी रद्दीच्या भावाने एक गठ्ठा आणला. त्यातलं हे एक उरलं. टाके आजीचे आहेत.

पुन्हा वाचताना माझं पहिलं लक्ष गेलं ते वाक्यांकडे. आखूड वाक्यं, आखूड परिच्छेद, आणि संवाद एवढे की पानावर पांढरी जागा भरपूर. बाराव्या वर्षी हे मला जाणवलंच नव्हतं, मी फक्त धावत होतो. आता कळतं, की जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या माणसालाही दमू न देता पुढच्या ओळीवर नेणारं हे गद्य आहे. गिरणीत पाळी करून आलेला कामगार, चौथीनंतर शाळा सुटलेली मुलगी, आजीसारखी केवळ कानांनी वाचणारी बाई, या सगळ्यांचा विचार या वाक्यांत आहे. आपल्या समीक्षेने या गद्याची मोजदाद केली नाही, याचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

उणिवाही दिसल्या आणि त्या मी लपवणार नाही. तपास कमी, पाठलाग जास्त. वाचकाला धागेदोरे देऊन त्याला विचार करायला लावणं इथे फारसं नाही. ऐन वेळी माणूस हवा तिथे हजर होतो. दुष्ट माणूस चेहऱ्यावरूनच दुष्ट. आणि आजीचा जीव जिच्यात अडकला होता त्या विजयेला बोलायला मिळालेली जागा मी धरून बसलो होतो त्याहून पुष्कळ कमी आहे. माझ्या आठवणीतली विजया बरीचशी आजीनेच रचली होती.

आता माझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हे पुस्तक झुंजारमालेतलं सुरुवातीचं आहे का? शीर्षक नाही, प्रकाशनवर्ष नाही, किंमत नाही. म्हणून मी पुराव्यांकडे वळलो. पहिला पुरावा अनुस्वारांचा. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुढें’, ‘घरांत’ असं छापलं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणजे ही छपाई बहुधा त्याआधीची. दुसरा पुरावा पैशांचा. टॅक्सीचं भाडं आण्यांत दिलं आहे, आणि दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. अर्थात, बोलण्यात आणे पुढेही बरीच वर्षं टिकले, आम्ही पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत आलो. तेव्हा हा पुरावा एकटा पुरत नाही. तिसरा पुरावा लेखनातला. इथे झुंजार कोण, पोलीस त्याच्या मागे का, हे लेखक सावकाश समजावून सांगतो. मला आधी वाटलं, हीच सुरुवातीची खूण. पण मालिका लिहिणाऱ्याला दर पुस्तकात एखादा नवा वाचक भेटतोच आणि त्याच्यासाठी ओळख पुन्हा करून द्यावी लागते. तेव्हा तिसरा पुरावा मी मागे घेतला.

इंग्रजी वाचकाला ही धडपड करावी लागत नाही. होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली एका नाताळ वार्षिकात छापून आली, डॉयलला तिचे पंचवीस पौंड मिळाले, हे सगळं नोंदलेलं आहे. म्हणूनच तिच्याकडे परत गेल्यावर गंमत कळते. भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या होम्सवर आपण वाढलो, पण त्या पहिल्या पुस्तकातला होम्स वेगळा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला ठाऊक नाही आणि वॉटसन त्याच्या साहित्यज्ञानापुढे शून्य लिहितो. पुढे हाच होम्स ग्यॉथे आणि हाफिज यांचे दाखले देतो. लेखकाला आपला नायक अजून पुरता गवसलेला नाही, हे तिथे डोळ्यांना दिसतं. झुंजारचा इंग्रजी भाऊबंद म्हणजे लेस्ली चार्टरिसचा ‘सेंट’. त्याचं पहिलं पुस्तक १९२८चं. ते पुढे चार्टरिसला स्वतःलाच नकोसं झालं, मालिका १९३०च्या पुस्तकापासून मोजावी असं त्याला वाटे. नको म्हणायला तरी पहिलं पुस्तक कुठलं हे माहीत असावं लागतं!

अर्नाळकरांच्या बाबतीत आपण तो क्रमच सांभाळला नाही. ही पुस्तकं वाचून वाचून संपली. हातोहात फिरली, फाटली, बंबात गेली. बांधणी करून कपाटात ठेवावं इतकं मानाचं स्थान त्यांना मिळालं नाही. पुण्याच्याच राजहंस प्रकाशनाने सतीश भावे यांनी निवडलेले अर्नाळकर पुन्हा छापले, हे मोठं काम झालं. पण निवड म्हणजे मूठभर, आणि मागे हजारांचा ढीग आहे. झुंजार पहिल्यांदा कसा बोलला, आनंदराव आधीपासूनच असे चिडके होते की हळूहळू झाले, विजयेचे शब्द वाढत गेले की घटत गेले, हे पाहायचं तर पुस्तकं क्रमाने हाताशी हवीत. विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम घेतलं तर मी माझ्याकडची सगळी पुस्तकं त्याला देईन.

तोवर तुमच्याकडे एक मागणं आहे. पेठांतले वाडे पाडून इमारती होताहेत, माळे रिकामे होताहेत. त्यात अशी बिनमुखपृष्ठाची पुस्तकं निघतील. रद्दीवाल्याला देण्याआधी पहिलं आणि शेवटचं पान पाहा, आत वाचनालयाचा शिक्का किंवा तारीख असेल तर टिपून ठेवा. तुमच्या प्रतीला मुखपृष्ठ असेल आणि माझ्या प्रतीची पानं तिच्याशी जुळली, तर दोन्ही पुस्तकांचं काम होईल.

व्याख्यान संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबतो आहे. हे पाचवं पान उघडून ठेवतो. सावकाश वाचा, आणि ओळखीचं वाटलं तर नाव सांगा. पेन्सिल मी बरोबर आणली आहे.