पाणी प्या, पण...

गेल्या एप्रिलात परीक्षेच्या वेळी मी वर्गावर देखरेखीला होतो. अकराच्या सुमारास एक मुलगी घेरी येऊन बाकावरच कलंडली. पंख्याखाली निजवले. शुद्धीवर आल्यावर तिला घोट घोट पाणी पाजले. तिची मैत्रीण हळूच म्हणाली, "सर, ती घरून निघाल्यावर पाणी पीतच नाही. प्यायलं तर मग जायचं कुठं?"

मी खजील झालो. आपल्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे. घाम, श्वास आणि लघवी यांवाटे ते सारखे खर्ची पडते. भरपाई झाली नाही, तर डोके दुखते, भोवळ येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. रोजचीच ही उपासमार झाली, तर मुतखडा आणि लघवीची जळजळ मागे लागते. लघवी फिकट पिवळी असली, की समजावे, पाणी पुरेसे आहे. गडद झाली, की कमी पडते आहे. म्हाताऱ्या माणसांना तहान नीट कळत नाही. त्यांना आठवणीने पाणी द्यावे. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रोग्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे.

केरळातील शाळांत २०१९ साली पाणी पिण्यासाठी खास घंटा वाजू लागली. कल्पना नामी खरी! पण घंटा ऐकून प्यायलेल्या पाण्याची पुढची सोय कोणी पाहायची?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुलींच्या शौचालयाचे दार बाहेरून पाहून आलो. त्याला कडी नव्हती. आधी ती बसवून घेतली; मगच वर्गात म्हणालो, "मुलींनो, पाणी पीत जा."