भंगारातले बॉम्बर

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर अमेरिकी बनावटीची ‘लिबरेटर’ बॉम्बर विमानं पडून होती. पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली. स्वतंत्र भारताला तर अशी विमानं हवीच होती. मग बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती कशीबशी उडण्याजोगी केली, आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने बेंगळुरूला आणली. धाडसच म्हणायचं! तिथे पुरती डागडुजी झाली, आणि १९४८ मध्ये या विमानांचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं. पुढे पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने याच विमानांतून समुद्रावर टेहळणी केली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. त्यांतलं एक भारताने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट दिलं.