साबणाचा सुगंध आणि एक नवा नाच
अमेरिकी दिग्दर्शक व्हिट स्टिलमन यांनी १९९८ नंतर थेट २०११ मध्ये ‘डॅमझल्स इन डिस्ट्रेस’ हा चित्रपट आणला. त्यातल्या काल्पनिक कॉलेजात व्हायलेट, म्हणजे ग्रेटा गर्विग, आणि तिच्या मैत्रिणी खचलेल्या विद्यार्थ्यांना डोनट आणि टॅप डान्सने सावरू पाहतात. नवा नाच रूढ करणं हे तर व्हायलेटचं जीवितकार्यच! ही नैराश्याची थट्टा आहे, असा आक्षेप कुणी घेईल. पण प्रेमभंगाने व्हायलेट स्वतःच कोलमडते आणि एका साबणाच्या सुगंधाने उभी राहते, तेव्हा आपल्याला हसू येतं ते तिच्या दुःखावर नव्हे, उपायावर. गंमत अशी, की तो उपाय लागूही पडतो. म्हणूनच हा विक्षिप्तपणा पोकळ वाटत नाही, आणि शेवटचा ‘सांबोला’ हा व्हायलेटचा नवा नाचही उपरा वाटत नाही.