आई, थोरला आणि धाकटा

'कारवाँ' हा आम्हा शायरी लिहिणाऱ्यांचा फार लाडका शब्द. पण खऱ्या कारवाँत मी बसलो तो वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियात. त्याला उंट नव्हते. सिडनीत नोकरी करणाऱ्या मुलाने भाड्याने आणलेली, मोटारीमागे जोडलेली ती चाकांवरची खोली होती. आत बिछाने, शेगडी आणि आमच्या सौभाग्यवतींचा मसाल्याचा डबा!

सिडनीच्या दक्षिणेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर नरूमा हे समुद्रकाठचे गाव. खाडीचे तोंड, होड्या, कालवं. क्षणभर दाभोळच वाटले.

दुसऱ्या दिवशी जवळच्या सेंट्रल टिल्बाला गेलो. सोन्याच्या खाणींच्या काळातले, लाकडी घरांचे, जपून ठेवलेले एवढेसे गाव. बघायला अर्धा तास पुरतो. पण मान वर केली की समोर गुलागा डोंगर. १७७० साली कॅप्टन कुकने तो जहाजावरून पाहिला आणि त्याचे नाव ठेवले 'ड्रोमेडरी', म्हणजे एका वशिंडाचा उंट. चला, उंटही भेटला!

तिथल्या मूळच्या युइन लोकांना मात्र त्यात उंट दिसत नाही. त्यांच्या लेखी गुलागा ही आई. तिला दोन मुलगे. थोरल्या बरुंगुबाला तिने समुद्रात जाऊ दिले. नरूमासमोरचे बेट ते तोच. धाकट्या नजनुगाला, लहान म्हणून, जवळ ठेवले. ती शेजारची टेकडी. हा डोंगर २००६ साली युइन लोकांना कायद्याने परत मिळाला.

आमच्या कोकणातल्या घरात हेच घडले होते. भाई कुवेतला गेला. मी बी.ए. झालो, माझाही व्हिसा आला, तेव्हा अम्मी म्हणाली, "एक गेला तेवढा पुरे." मी राहिलो, पण मनात राग धरून राहिलो. तिच्या अखेरच्या आजारात पाय चेपतानाही तो पुरता गेला नव्हता. थोरल्याला जाऊ देताना तिचे काय झाले असेल, हे या धाकट्याने तिला कधी विचारलेच नाही.

"अब्बा, चला, अंधार पडेल," मुलगा म्हणाला. तोही थोरलाच.

रात्री कारवाँतून भाईला फोन लावला. डोंगराची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अम्मीच्या कबरीवर जातोस ना रे अधूनमधून?"