पत्त्यांचा डाव आणि मुलांचें वळण
(ज्युबिलीनिमित्त पालकांच्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें पत्त्यांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. पत्ते म्हटले कीं डोळ्यांपुढें जुगार उभा राहतो, आणि ही भीति निराधार नाहीं. अलीकडे तर जुगार मोबाईलमधून माजघरापर्यंत येऊन पोहोंचला होता. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा संसदेनें सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत संमत केला, यावरून रोग किती पसरला होता याची कल्पना यावी.

परंतु जुगार निराळा व पत्ते निराळे. मधला पैसा काढून घेतला म्हणजे जो खेळ उरतो, तो चारचौघांत कसें वागावें हें मुलांस शिकविणारी एक लहानशी शाळाच होय. या शाळेचा हंगामहि आपल्या किनाऱ्यावर ठरलेला आहे. जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो. अलिबागेपासून रेवदंडा, कोर्लई व मुरुडपर्यंतच्या कोळीवाड्यांतील पुरुषमंडळी याच दिवसांत मुलांच्या वांट्यास येते. तो वेळ कसा खर्च करावा, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम बदाम सात घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलासहि हा डाव येतो. बदामाची सत्ती पडली कीं तिच्या एका बाजूस छक्की व दुसऱ्या बाजूस अठ्ठी लागते. पुढें इतर सत्त्या येतात, आणि ज्याच्या हातांत लागणारें पान नसेल त्यानें 'पास' म्हणावयाचें असतें. आतां लागणारीं दोन पानें हातांत असतां कोणतें टाकावें व कोणतें अडवून धरावें, ही चतुराई झाली. ती रास्त आहे. परंतु लागणारें एकच पान दडवून 'पास' म्हणणें हें असत्य होय. त्या क्षणीं तें कोणास दिसत नाहीं. पुढें तेंच पान टाकावें लागलें म्हणजे मागची लबाडी बाहेर पडते. मनांतली गोष्ट मनांत ठेवणें आणि खोटें बोलणें यांतील भेद आम्ही उपदेशानें सांगूं लागलों तर मुलें जांभया देतात. येथें तो भेद त्यांस स्वतःच्या हातांतील पानांवरून कळतो.

त्याहून थोडा वरचा डाव पांच-तीन-दोन. खेळणारे तिघे, पानें तीस, प्रत्येकास दहा. परंतु एकानें पांच हात करावयाचे, दुसऱ्यानें तीन व तिसऱ्यानें दोन. हुकूम बोलण्याचा मान पांचवाल्याचा, आणि भारहि त्याचाच अधिक. ज्याचे हात कमी पडले, त्याच्याकडून अधिक हात करणारा पुढच्या डावांत पान ओढतो. म्हणजे ऋण विसरलें जात नाहीं. पण ओझें फिरतें असतें. या डावांत ज्याच्याकडे पांच, त्याच्याकडे पुढें दोन येतात. सर्व कष्ट आपल्याच वांट्यास येतात असें ज्या मुलास वाटतें, त्यास हा डाव अवश्य शिकवावा.

वयांत आलेल्या मुलामुलींसाठीं मेंढीकोट उत्तम. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. चारहि दश्श्या एकाच बाजूस आल्या कीं कोट झाला. भिडूस खूण करणें वर्ज्य असल्यामुळें त्यानें टाकलेल्या पानांवरूनच त्याचें मन ओळखावें लागतें. डाव गेला कीं तोंडावर पहिलें वाक्य येतें, 'तुझ्यामुळें गेला.' तें वाक्य गिळतां येणें ही मोठी विद्या आहे. तांडेल व खलाशी यांस एकाच होडीवर तिची गरज पडते, आणि नवराबायकोस एकाच छपराखालीं.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनीं मुलांच्या नीतिविचारावर सन १९३२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. गोट्या खेळणाऱ्या मुलांकडे बारकाईनें पाहून त्यांनीं दाखविलें कीं, लहान मुलास नियम हा मोठ्यांनीं घालून दिलेला व कधींहि न बदलणारा वाटतो. तो सर्वांच्या संमतीनें चालतो, म्हणून सर्वांनीं पाळावयाचा, हें त्यास पुढें बरोबरीच्या सोबत्यांत खेळतांना उमगतें. तेव्हां पत्त्यांस बसलेल्या बापानें बापपण थोडा वेळ बाजूस ठेवावें. नियम त्याच्यासाठींहि तोच असावा.

आतां सर्वांत कठीण गोष्ट. संत डॉन बॉस्को यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, सेमिनरींत असतांना ते सुटीच्या वेळीं पत्ते खेळत. ते फारसे तरबेज नव्हते, पण दैवानें बहुधा तेच जिंकत व त्यांचे हात पैशांनीं भरत. मात्र हरलेल्या सोबत्यांचे उतरलेले चेहरे पाहून त्यांस त्या सोबत्यांहूनहि अधिक दुःख होई. शिवाय प्रार्थनेस वा अभ्यासास बसतां पत्त्यांतील राजे व गुलाम त्यांच्या मनांत नाचत. सन १८३६ मध्यें त्यांनीं तो खेळ सोडून दिला.

मग आम्हीं मुलांस पत्ते कां द्यावे, असें कोणी विचारील. या हकीकतींत तीन गोष्टी आहेत. पैसा व अतिरेक या दोन टाळावयाच्या. तिसरी मात्र जिवापाड जपावयाची. ती म्हणजे जिंकतांना समोरच्याच्या तोंडाकडे पाहण्याची संवय. ही संवय ज्यास लागली, तो शाळेंत पहिला आला, बाजारांत वरचढ ठरला, तरी कोणास तुडविणार नाहीं.

म्हणून माझी विनंति अशी. डावावर एक पैसाहि नसावा. मोठ्यांनीं मुलांसमोर लबाडी करूं नये आणि मुद्दाम हरूंहि नये. फुकट मिळालेला जय मुलास ओळखूं येतो व तो त्यास गोड लागत नाहीं. झब्बूंत शेवटीं राहिलेल्यास 'गाढव' म्हणून हंसतात. तें हंसूं फिरतें असावें. एकच मूल लागोपाठ तीनदां हरलें तर डाव बदलावा. मुलगे खेळतात व मुली भाकऱ्या भाजतात, असें होऊं देऊं नये. किती डाव खेळावयाचे तें आधीं ठरवावें, आणि तेवढे झाले कीं उठावें.

येत्या पावसाळ्यांत आपल्या घरोघरीं असा एक तरी डाव रंगो, आणि हरलेल्या मुलाच्या खांद्यावर जिंकलेल्याचा हात पडलेला आपणांस पाहावयास मिळो, एवढें इच्छून मी आपली रजा घेतों.