इमारत कोठे संपते?

श्रोतेहो, प्रश्न जरा विचित्र वाटेल. इमारत संपते ती तिच्या भिंतीपाशी, असे कोणीही सांगेल, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात तसेच मोजमाप असते. पण आपल्या खेड्यातले एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणा. रस्त्यालगत ओटा, मग ओसरी, आत माजघर, मागे परस, परसात आड. वाटसरू ओट्यावर टेकतो, पाणी मागतो, पागोटे काढून घाम पुसतो. त्या वेळी तो रस्त्यावर असतो की घरात? म्हटले तर दोन्हीकडे, म्हटले तर कोठेच नाही. घर आणि गाव यांना सांधणारी ही जागा कोणा इंजिनियरने काढून दिलेली नव्हती; गवंडी आणि घरधनी यांनी ती आपसूक ठेवली. अलीकडे मात्र आपण घर बांधतो तेव्हा आधी कुंपणाची भिंत घालतो. ओटा गेला आणि वाटसरूही गेला.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर वाईला जावे. वाई म्हटले की सुशिक्षितांना विश्वकोश आठवतो आणि भाविकांना ढोल्या गणपती. मी आज सांगणार आहे ते वाईच्या घाटांविषयी. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, आणि सह्याद्री उतरून ती वाईला येते. त्यामुळे वाईवर ऊन पडलेले असले तरी वर डोंगरात कोसळलेला पाऊस घेऊन नदी लाल पाण्याने फुगून येऊ शकते. आता वर धोमला धरण झाले आहे. पण वाईचे घाट ज्यांनी बांधले त्यांच्या वेळी नदी पूर्ण मोकळी होती. अशा नदीच्या काठी गाव वसवायचे म्हणजे एक तर तिच्यापासून दूर पळायचे, नाही तर तिच्याशी बोलणी करायची. वाईकरांनी बोलणी केली.

ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. दर्शनाला जाणारे बहुतेक लोक समोरून आत जातात, ती भव्य मूर्ती पाहतात आणि परत फिरतात. माझी विनंती अशी की, एकदा देवळाच्या पाठीमागे जाऊन पाहा. पाण्याच्या ओघाकडची ती भिंत सपाट नाही. तिला टोक काढले आहे. लोक तिला माशाच्या आकाराची म्हणतात. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने नाक काढलेले असते ना, तोच हा प्रकार. पुराचे पाणी येऊन थडकले की ते दोन्ही अंगांनी दुभंगून निघून जाते. सपाट भिंत असती तर पाण्याचा सगळा रेटा तिच्यावर आला असता. बांधणाऱ्याने नदीला अडवले नाही, आपणच अंग चोरून तिला वाट दिली. आणि गंमत बघा, देवळाला जे रूप आले आहे, जे आज चित्रकार कागदावर उतरवतात, त्यातला बराचसा भाग या वाट देण्यातून आलेला आहे.

घाटाच्या पायऱ्यांचेही तसेच. पायरी म्हणजे नुसता उतरण्याचा रस्ता नव्हे. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तेव्हा बाया खालच्या पायरीवर धुणे धुतात. पावसाळ्यात पाणी चढते तशा त्याही वर सरकतात. नदी कितीही वर-खाली झाली तरी माणसाला तिच्या कडेला उभे राहायला जागा राहते. शिवाय दगडी पायऱ्यांमुळे काठाची माती वाहून जात नाही. संध्याकाळी म्हातारी माणसे तेथेच बसतात, सुट्टीत पोरे तेथूनच पाण्यात उड्या मारतात. एकाच बांधकामात धरबंध, धोबीघाट, बैठक आणि देवाचा चौथरा! एवढी कामे एका इमारतीकडून करून घेणे आज किती जणांना साधेल?

घाट गावाला जोडले कसे गेले, हेही पाहण्यासारखे आहे. गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी, तशीच गंगापुरी, धर्मपुरी, ही नावे एकाच वेळी वस्तीची आणि घाटाची आहेत. माणूस घरातून निघाला की गल्लीच्या उताराने आपोआप पाण्यापर्यंत पोचतो. थंडी सरत आली म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. मांडव पडतो, पंगती बसतात, आणि ज्या आळीचा घाट ती आळी यजमान होते. नदीकाठ हा अशा रीतीने साऱ्या गावाचा दिवाणखाना झाला. तो कोणा एकट्याचा नाही म्हणून त्याला फाटक नाही.

वाईपासून कोसभर अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यांचा चंद्रकोरीसारखा घाट आहे. ‘स्वदेश’ चित्रपटात पुष्कळांनी तो पाहिला असेल. वाडा चौकांमागून चौक घेऊन नदीकडे सरकतो आणि शेवटी घाटाच्या पायऱ्यांत उतरतो. एवढा मोठा मुत्सद्दी, पण त्याच्या घराचा शेवटचा दगड पाण्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सरदार-मुत्सद्द्यांचे दिवस होते; आज सिमेंटच्या काळात हे कसे जमावे? तर त्याचे उत्तर गोव्यात आहे. पणजीला मांडवीच्या काठी कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञांनी उभी केली. ती 1983 मध्ये पुरी झाली. तिचा आराखडा आखताना त्यांनी इमारत उंच केली नाही, ती लांब आणि बसकी ठेवली. रस्त्याकडून येणारा माणूस सावलीच्या मोकळ्या जागेतून चालत चालत नदीपर्यंत जावा, नाटकाचे तिकीट काढलेले नसले तरीही, अशी ती योजना. सिमेंटचाच ओटा म्हणा ना! म्हणजे अडचण सिमेंटची नाही.

अडचण आहे ती नकाशाची. एकच नकाशा कोकणात, तोच माणदेशात, तोच नदीकाठी आणि तोच माळावर वापरण्याची आपल्याला सवय जडली आहे. ऑगस्ट 2019 मध्ये याच कृष्णेने आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूरकडे केवढा हाहाकार केला, तो आपण जाणता. त्या पुराची कारणे अनेक होती, एकट्या घरबांधणीवर खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. तथापि, पूर्वी जेथे पाणी पसरत असे तेथे आपण भिंती उभ्या केल्या, आणि त्या भिंतींना माशाचा आकारही दिला नाही, हे नाकबूल करता येईल का?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे अधिक जवळचे वाटेल. शाळेची नवी खोली मंजूर होते, आखणी होते, आणि पहिल्याच आषाढात दारापुढे तळे साचते. पश्चिमेकडच्या खिडक्यांतून पावसाची झड थेट बाकांवर येते, म्हणून त्या बंद ठेवाव्या लागतात आणि पोरे अंधारात वाचतात. जुन्या शाळेला त्या बाजूला पडवी होती. ती कशासाठी होती हे कोणी विचारलेच नाही. खोली बांधणाऱ्याला गावचा पाऊस माहीत नसतो, त्यात त्याचा फार दोष नाही. तो तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा यंदा एक करा. जोराची सर येऊन गेली की वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन शाळेच्या आवारात आणि ओढ्यापर्यंत हिंडून या. पाणी कोठून येते, कोठे वळते, कोठे तुंबते, हे मुलांना कागदावर काढू द्या. दुपारची सावली कोठे पडते, गावातली माणसे कोणत्या पायवाटेने आवारातून ये-जा करतात, तेही त्यात येऊ द्या. मोठ्या पुराला पाणी कुठवर आले होते, ते एखाद्या आजोबांना विचारून तेथे खूण करा. कागदावर तारीख घाला आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जपून ठेवा. पुढची खोली आखायला साहेब येतील तेव्हा चहाच्या आधी तो त्यांच्यापुढे पसरा.